मूत्रपिंडरोपणानंतरचे वेदनाशमन : मेरुरज्जूचा मार्ग

मूत्रपिंडरोपणासाठी दाता जिवंत असेल, तर त्या दिवशी रुग्णालयात दोन शस्त्रक्रिया होतात. एका दालनात दात्याच्या शरीरातून निरोगी मूत्रपिंड काढून घेतले जाते आणि शेजारच्या दालनात ते रुग्णाच्या शरीरात बसविले जाते. भारतातील बहुतांश रोपणे अशीच होतात. दाता बहुधा रुग्णाची आई, पत्नी, बहीण किंवा वडील असा निकटचा आप्त असतो. संध्याकाळी दोघेही शुद्धीवर येतात, तेव्हा सर्वांचे लक्ष रुग्णाच्या खाटेला अडकविलेल्या पिशवीकडे लागलेले असते. तिच्यात दर तासाला किती मूत्र जमले याची नोंद परिचारिका करीत असते. नवे मूत्रपिंड कामाला लागले की नाही, हे त्यावरून कळते. खाटेवर पडलेल्या त्या दोन माणसांना मात्र त्या रात्री दुसराच प्रश्न अधिक जवळचा असतो. पोटावर ताजी जखम असते. खोल श्वास घेतला तरी ती दुखते आणि खोकला आला की ती ताणली जाते. ही वेदना कमी कशी करावयाची?

इतर मोठ्या शस्त्रक्रियांनंतर या प्रश्नाचे उत्तर देणे वैद्याला फारसे जड जात नाही. औषधांच्या कपाटात वेदनाशामके पुष्कळ आहेत. परंतु येथे जे औषध द्यावे, त्याचा हिशेब शेवटी मूत्रपिंडापाशीच येऊन थांबतो. आणि ते मूत्रपिंड तर अद्याप परक्या घरात पहिला दिवस काढीत असते. या अडचणीतून जो एक मार्ग निघाला, तो पाठीच्या कण्यातून जातो.

वेदना कोठून येते

रोपित मूत्रपिंड मूळ मूत्रपिंडाच्या जागी बसविले जात नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. निकामी झालेली दोन्ही मूत्रपिंडे बहुधा जागच्या जागी राहू देतात. नवे मूत्रपिंड ओटीपोटाच्या एका बाजूस, कमरेच्या हाडाच्या आतील खोलगट भागात ठेवतात. तेथील मोठ्या रोहिणीला व नीलेला त्याच्या रक्तवाहिन्या जोडतात आणि त्याची मूत्रवाहिनी मूत्राशयात शिवतात. त्यासाठी पोटाच्या खालच्या भागावर वक्राकार छेद घेऊन स्नायूंच्या थरांतून आत जावे लागते. दुखते ते हेच. मूत्रपिंड दात्याच्या शरीरातून निघते तेव्हा त्याचे मज्जातंतू तुटलेले असतात. शल्यविशारद रक्तवाहिन्या जोडतो, मज्जातंतू जोडीत नाही. त्यामुळे नवे मूत्रपिंड आरंभी जवळजवळ मुके असते. वेदना येते ती पोटाच्या भिंतीतून, आणि काही अंशी मूत्राशयात ठेवलेल्या नळीमुळे उठणाऱ्या कळांतून.

वेदना सोसण्यातच मोठेपणा आहे अशी समजूत अनेक घरांत आढळते. या प्रसंगी ती अहितकारक ठरते. दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो आणि खोकला दाबून धरतो. त्यामुळे फुप्फुसांचे तळाचे भाग नीट फुलत नाहीत व तेथे कफ साचतो. निरोगी माणसाला हे एक वेळ पचते. रोपण झालेल्या रुग्णाला मात्र परके मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिलेली असतात आणि त्याच्या फुप्फुसात शिरलेला जंतू सहजासहजी हटत नाही. शिवाय तीव्र वेदनेमुळे रक्तात ॲड्रिनॅलीनसारख्या द्रव्यांची पातळी वाढते, नाडी जलद होते आणि हृदयावरील भार वाढतो. दीर्घकाळ मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णाचे हृदय बहुधा आधीच थकलेले असते.

नेहमीच्या औषधांची अडचण

दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या दाह निर्माण करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. दुर्दैवाने हीच द्रव्ये संकटकाळी मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या रुंद ठेवण्याचे काम करीत असतात. त्यांची निर्मिती थांबली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. त्यातच टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरीन ही रोपणोत्तर औषधे त्याच वाहिन्यांना आकुंचित करतात. दोहोंचा ताण एकाच ठिकाणी पडू नये म्हणून या गोळ्या रोपणाच्या रुग्णाला सामान्यतः देत नाहीत. पॅरासिटामॉल त्या मानाने निर्धोक आहे. परंतु स्नायू कापलेल्या जखमेला एकटे ते पुरे पडत नाही.

उरतात ती अफूवर्गीय औषधे. त्यांत मॉर्फीन सर्वांत जुने. १९ व्या शतकाच्या आरंभी झेर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधशास्त्रज्ञाने अफूतून ते वेगळे काढले आणि ग्रीक पुराणातील स्वप्नदेवता मॉर्फिअस हिच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. शिरेतून दिलेले मॉर्फीन यकृतात जाते व तेथे त्याचे रूपांतर होऊन मुख्यतः दोन पदार्थ तयार होतात. त्यांपैकी मॉर्फीन-६-ग्लुकुरोनाइड हा पदार्थ स्वतःच प्रभावी आहे. वेदना शमविण्याचा आणि श्वसन मंदावण्याचा असे मॉर्फीनचे दोन्ही गुण त्याच्यात उतरलेले असतात. निरोगी शरीरात मूत्रपिंडे त्याला काही तासांत बाहेर टाकतात. मूत्रपिंड काम करीत नसेल तर तो रक्तात साचत राहतो. सकाळी योग्य वाटलेली मात्रा मग रात्रीपर्यंत अतिमात्रा होऊन बसते; रुग्ण गुंगीत जातो, त्याचा श्वास मंदावतो, आणि नवे औषध दिलेले नसताना असे का व्हावे याचा उलगडा पाहणाऱ्याला चटकन होत नाही. पेथिडीनची गोष्ट याहून वाईट आहे. त्यापासून तयार होणारा नॉरपेथिडीन हा पदार्थ साचल्यास रुग्णाला झटके येऊ शकतात.

फेंटॅनिल या कृत्रिम औषधाचा निचरा प्रामुख्याने यकृतात होतो व त्यातून असे उपद्रवी अवशेष उरत नाहीत. म्हणून पुष्कळ केंद्रांत ते शिरेतून, रुग्णाने स्वतः बटण दाबून घ्यावयाच्या यंत्राद्वारे दिले जाते. ही पद्धत चांगली आहे. तथापि शिरेतून गेलेले औषध सर्व शरीरभर फिरते. जखमेपुरते ते थांबत नाही. मेंदूला गुंगी, पोटाला मळमळ आणि आतड्यांना मंदत्व, हे सर्व त्याच्याबरोबर येते. कण्याजवळ नळी ठेवून तीतून बधिर करणारे औषध सोडले तर वेदना उत्तम थांबते, परंतु रक्तवाहिन्यांचा ताण सांभाळणारे मज्जातंतूही बधिर होतात व रक्तदाब उतरतो. नव्या मूत्रपिंडाला पहिल्या दिवशी सर्वांत अधिक गरज असते ती भरपूर दाबाने येणाऱ्या रक्ताची. अशा वेळी रक्तदाब उतरविणारा उपाय भूलतज्ज्ञाला सावधपणेच योजावा लागतो.

कीलपासून मिनेसोटापर्यंत

कण्यातील द्रवात औषध सोडण्याची कल्पना जुनी आहे. १८९१ साली क्विंके या जर्मन वैद्याने कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून हा द्रव काढण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यानंतर सात वर्षांनी, १८९८ साली, कील येथील ऑगस्ट बिअर याने त्याच वाटेने कोकेन आत सोडले आणि रुग्णाच्या पायावर वेदनारहित शस्त्रक्रिया केली. पुढे त्याने व त्याचा सहायक हिल्डेब्रांट याने एकमेकांवर हाच प्रयोग करून पाहिला. बिअरच्या वेळी सुईला पिचकारी नीट बसेना व बराच द्रव वाहून गेला. हिल्डेब्रांटचे पाय मात्र असे बधिर झाले की नडगीवर मारलेले तडाखेही त्याला जाणवेनात. त्यानंतरचे काही दिवस बिअरने डोकेदुखीत काढले. कण्यात टोचल्यानंतर होणाऱ्या डोकेदुखीचे हे पहिल्या काही वर्णनांपैकी एक होय, आणि ते स्वतः प्रयोगकर्त्याने आपल्यावरून केलेले आहे. १९०१ साली रुमानियाचा शल्यविशारद राकोविचानू-पितेश्ती याने कोकेनबरोबर मॉर्फीनही कण्यात सोडल्याचे पॅरिस येथे निवेदन केले. मॉर्फीन तेथे नेमके काय करते हे त्या काळी कोणाला सांगता येण्यासारखे नव्हते, आणि तो प्रयत्न विस्मृतीत गेला.

मूत्रपिंडरोपणाचा इतिहास याच्या पुढच्या टप्प्यावर सुरू होतो. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात जोसेफ मरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिक याचे मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याच्या शरीरात बसविले. दीर्घकाळ यशस्वी ठरलेले ते पहिले मूत्रपिंडरोपण होय. त्यानंतर रिचर्ड आठ वर्षे जगला. मरी यांना या क्षेत्रातील कार्याबद्दल १९९० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. भारतात १९६५ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मृत दात्याचे मूत्रपिंड बसविण्याचा प्रयत्न झाला आणि १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले. या आरंभीच्या काळात रुग्ण वाचतो की नाही आणि शरीर मूत्रपिंड स्वीकारते की नाही, याच चिंतेने वैद्यांना ग्रासले होते. वेदनेकडे पाहण्यास सवड कमी होती, आणि साधनेही तीच जुनी होती.

वेदनाशास्त्रात परिवर्तन घडले ते १९७० नंतर. १९७३ साली बाल्टिमोर येथे कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी, न्यू यॉर्क येथे एरिक सायमन यांच्या गटाने आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस यांनी, असे तिघांनी एकाच वर्षी दाखवून दिले की, मज्जासंस्थेतील पेशींवर अफूवर्गीय द्रव्ये जेथे जाऊन बसतात अशी खास ग्राही-स्थाने असतात. कुलपात किल्ली बसावी तसे हे द्रव्य त्या स्थानी बसते. निसर्गाने कुलूप घडविले असेल तर किल्लीही घडविली असली पाहिजे, हा तर्क साहजिक होता. १९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूझ व हान्स कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूतच तयार होणारी अशी द्रव्ये शोधून काढली व त्यांना एन्केफॅलिन असे नाव दिले. पुढे दिसून आले की ही ग्राही-स्थाने मेंदूप्रमाणेच मेरुरज्जूतही, आणि तीही वेदनेचे तंतू जेथे येऊन पोचतात त्याच पट्ट्यात, दाटीने आहेत. १९७६ साली टोनी याक्श व टॉमस रूडी यांनी उंदरांच्या मेरुरज्जूभोवतालच्या द्रवात बारीक नळीने मॉर्फीन सोडून त्यांची वेदना थांबविली. १९७९ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या मेयो क्लिनिकमध्ये वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या असह्य वेदनेने त्रस्त झालेल्या आठ रुग्णांना अर्धा ते एक मिलिग्रॅम मॉर्फीन याच मार्गाने दिले. एका टोचणीने बहुतेकांना अनेक तास आराम मिळाला, आणि त्यांच्या पायांतील शक्ती किंवा स्पर्शज्ञान गेले नाही.

वाटेवरचा पहिला नाका

हे कसे घडते ते समजण्यासाठी वेदनेची वाट ध्यानात घ्यावी लागते. जखमेतून निघालेला संदेश बारीक मज्जातंतूंमधून मेरुरज्जूच्या मागच्या बाजूस असलेल्या करड्या भागात येतो. तेथे पहिला तंतू संपतो आणि दुसरा सुरू होतो. दोहोंत अतिसूक्ष्म फट असते. पहिल्या तंतूच्या टोकाने रासायनिक द्रव्य सोडले आणि दुसऱ्या पेशीने ते टिपले, तरच संदेश पुढे मेंदूकडे जातो. गावात येणाऱ्या मालाला वेशीवरच्या जकातनाक्यावर थांबावे लागते, तसा हा वेदनेच्या वाटेवरचा पहिला नाका होय. मॉर्फीन येथे दोन्ही बाजूंनी काम करते. अलीकडच्या टोकातून द्रव्य सुटण्यास ते आळा घालते आणि पलीकडच्या पेशीला सहजी चेतू देत नाही. स्पर्शाचे व हालचालीचे जाड तंतू मात्र या व्यवस्थेवर फारसे अवलंबून नसतात, तसेच रक्तवाहिन्यांचा ताण राखणारे तंतूही नसतात. म्हणून रुग्णाला पाय हलविता येतात, आणि रक्तदाब बधिरीकरणात उतरतो तसा उतरत नाही. मूत्रपिंडरोपणाच्या दृष्टीने या पद्धतीचा निम्मा लाभ या एका गोष्टीत आहे.

उरलेला निम्मा लाभ मात्रेत आहे. शिरेतून दिलेल्या मॉर्फीनपैकी फारच थोडा अंश मेरुरज्जूपर्यंत पोचतो, कारण रक्त व मज्जासंस्था यांच्यामध्ये असलेला पडदा ओलांडणे त्याला कठीण जाते. औषध थेट पडद्याच्या आत ठेवले तर हा सर्व अपव्यय टळतो. शिरेतून लागणाऱ्या मात्रेच्या सुमारे शंभरावा हिस्सा कण्यात पुरतो, असा वैद्यांचा ढोबळ अंदाज आहे. रोपणानंतर सामान्यतः ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम इतके मॉर्फीन दिले जाते. बारीक मिठाचे दोन-चार कण घेतले तर त्यांचे वजन एवढे भरेल. यापासून यकृतात तयार होणारे अवशेषही तितकेच अल्प असतात. मूत्रपिंड पहिल्या दिवशी झोपलेले असले तरी ते साचून उपद्रव करतील अशी भीती बहुतांशी राहत नाही.

मॉर्फीन पाण्यात सहज मिसळते, स्निग्ध पदार्थांत तितकेसे नाही. मेरुरज्जू स्निग्ध द्रव्यांनी समृद्ध आहे. त्यामुळे मॉर्फीन त्यात हळूहळू शिरते आणि हळूहळूच बाहेर पडते. परिणाम दिसण्यास अर्धा-एक तास लागतो, पण तो १८ ते २४ तास टिकतो. फेंटॅनिल याच्या उलट वागते. ते मिनिटांत मुरते आणि तीन-चार तासांत ओसरते. म्हणून शस्त्रक्रिया चालू असतानाच्या वेळेसाठी फेंटॅनिल आणि त्यानंतरच्या रात्रीसाठी मॉर्फीन, असे दोन्ही एकत्र देण्याचीही प्रथा आहे.

सुई आणि मात्रा

प्रौढ माणसाचा मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली पोकळीत द्रव आणि मज्जातंतूंचे जुडगे असतात. भूलतज्ज्ञ तिसऱ्या व चौथ्या मणक्यांमधून केसासारखी बारीक सुई आत नेतो. द्रवाचा स्वच्छ थेंब दिसला की औषध सोडतो आणि सुई काढून घेतो. हे काम संपूर्ण भूल देण्यापूर्वी, रुग्ण जागा असताना करतात, म्हणजे सुई मज्जातंतूला लागल्यास तो सांगू शकतो. काही केंद्रांत बधिर करणारे औषधही बरोबर देऊन संपूर्ण रोपण रुग्णाला जागे ठेवूनच केले जाते. कण्यातील बधिरीकरण या शस्त्रक्रियेला नवे नाही; बोस्टनच्या आरंभीच्या रोपणांतही त्याचा उपयोग केला गेला होता.

सुई टोचण्याआधी रक्ताची परीक्षा पाहावी लागते, आणि या बाबतीत घाई चालत नाही. मूत्रपिंड निकामी झाले की रक्त गोठविणाऱ्या रक्तबिंबिका संख्येने पुरेशा असूनही नीट चिकटत नाहीत. शिवाय रक्तशुद्धीसाठी केल्या जाणाऱ्या डायालिसिसमध्ये रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन वापरलेले असते आणि त्याचा प्रभाव उतरेपर्यंत थांबावे लागते. कण्याच्या पोकळीत रक्तस्राव होऊन गाठ झाली तर मेरुरज्जू किंवा मज्जातंतू दाबले जातात व पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका असतो. असा प्रसंग अत्यंत विरळा. पण पाय जड वाटू लागले, पाठ अकस्मात दुखू लागली, तर काही तासांत तपासणी व शस्त्रक्रिया करावी लागते. एकदाच टोचलेल्या बारीक सुईने हा धोका कण्याजवळ नळी ठेवण्यापेक्षा कमी असतो, हे या पद्धतीच्या बाजूचे आणखी एक कारण.

दुसरा धोका साधा आणि म्हणूनच अधिक घातक आहे. मॉर्फीनच्या काचेच्या कुपीत बहुधा १० किंवा १५ मिलिग्रॅम औषध असते, आणि कण्यात द्यावयाचे असते ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे औषध प्रथम पातळ करावे लागते. या गणितात दशांशचिन्ह एक घर सरकले तर मात्रा दसपट होते. त्यामुळे दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे मोजून पाहावे आणि पिचकारीवर चिठ्ठी चिकटवावी, असा दंडक चांगल्या रुग्णालयांत असतो. कुपीतील औषधात टिकाऊपणासाठी घातलेली रसायने नसावीत, हेही पाहावे लागते. शिरेला चालणारे प्रत्येक रसायन मेरुरज्जूला चालेलच असे नाही.

पहिली रात्र

कण्यातील द्रव स्थिर नसतो. तो एकंदर १५० घन सेंटिमीटरच्या आसपास असला, तरी दिवसाकाठी सुमारे ५०० घन सेंटिमीटर नवा तयार होतो व जुना शोषला जातो. या हालचालीबरोबर न मुरलेले मॉर्फीन हळूहळू वर, मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्राकडे सरकते. शिरेतून दिलेल्या मॉर्फीनचा श्वसनावर होणारा परिणाम लवकर, देणारा जवळ असतानाच दिसतो. कण्यात दिलेल्याचा परिणाम मात्र सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमका मध्यरात्रीच्या सुमारास, प्रकट होऊ शकतो. तेव्हा भूलतज्ज्ञ घरी गेलेला असतो आणि नातेवाईक रुग्णाला शांत झोप लागली म्हणून समाधानात असतात. अल्प मात्रेत हे क्वचितच घडते. तरीही अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा रुग्णावर २४ तास लक्ष ठेवावयाचे असते : पहिले बारा तास दर तासाला आणि पुढचे बारा तास दर दोन तासांनी.

परिचारिकेने पाहावयाच्या गोष्टी दोन. एका मिनिटात रुग्ण किती श्वास घेतो, आणि हाक मारल्यावर तो किती सहज जागा होतो. यांतली दुसरी अधिक महत्त्वाची म्हणावी लागेल, कारण श्वास मंदावण्याआधी गुंगी वाढते. बोटाला लावलेले प्राणवायूमापक यंत्र उपयोगी आहे खरे. पण रुग्णाला नळीने प्राणवायू चालू असेल तर श्वास बराच मंदावेपर्यंत यंत्रावरचा आकडा चांगलाच दिसत राहतो. केवळ आकड्यावर विसंबलेली परिचारिका फसते. हलवून, नावाने हाक मारून पाहणारी फसत नाही. औषधाचा प्रभाव अति झाला तर नॅलॉक्सोन हे उतारा-औषध शिरेतून थोडे थोडे देतात. ते ग्राही-स्थानांवरून मॉर्फीनला हुसकावते. पण त्याचा अंमल तास-अर्ध्या तासाचा, आणि मॉर्फीनचा दिवसभराचा. म्हणून एकदा देऊन निर्धास्त होता येत नाही. त्याच रात्री झोपेची गोळी किंवा गॅबापेंटिनसारखे मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारे गुंगीचे औषध दिले गेले, तर सावधपणे मोजलेल्या मात्रेचा सर्व हिशेब चुकतो.

सर्वसाधारण तक्रार असते ती खाजेची. नाक, चेहरा, छाती येथे खाज सुटते. तिचा पित्त उठण्याशी संबंध नसून ती मज्जासंस्थेतच उत्पन्न होते, म्हणून पित्तावरची नेहमीची गोळी तीवर फारशी चालत नाही. मळमळही अनेकांना होते. मूत्र अडण्याचा जो त्रास इतर शस्त्रक्रियांत या औषधाने होतो, तो येथे जाणवत नाही, कारण रुग्णाच्या मूत्राशयात नळी आधीच घातलेली असते. बिअरची ती डोकेदुखी आता बारीक, बोथट टोकाच्या सुयांमुळे क्वचित आढळते.

वेदना हा शरीराचा निरोपही असतो, हे येथे विसरता येत नाही. कण्यातील मॉर्फीनने जखमेची धार बोथट होते. पण नव्या मूत्रपिंडाभोवती रक्त साचले किंवा त्याची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, तर उठणारी कळ पुष्कळदा त्यातूनही जाणवते. आराम पडलेल्या रुग्णाचे अकस्मात पुन्हा दुखू लागले व पिशवीतले मूत्र घटले, तर शल्यविशारदाला बोलावतात. नुसती वेदनाशामकाची मात्रा वाढवून भागत नाही.

दुसऱ्या खाटेवर

दात्याचा विचार पुष्कळदा मागे पडतो. तो निरोगी असतो, त्याला कोणताही आजार नसतो, आणि दुसऱ्यासाठी त्याने हे दुखणे ओढवून घेतलेले असते. भारतात दात्यांमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक आढळते. पूर्वी मूत्रपिंड काढण्यासाठी कुशीवर मोठा छेद घ्यावा लागे, कधी बरगडीचा तुकडाही काढावा लागे, आणि दात्याची वेदना रुग्णाच्या वेदनेहून मोठी असे. १९९५ साली बाल्टिमोर येथे दुर्बिणीच्या साह्याने लहान छिद्रांतून दात्याचे मूत्रपिंड काढण्याची रीत सुरू झाली, तेव्हापासून हे दुखणे पुष्कळ कमी झाले. तथापि सर्व ठिकाणी ती सोय नाही. दात्याचे उरलेले मूत्रपिंड उत्तम असल्याने मॉर्फीनचे अवशेष साचण्याची भीती त्याला नसते. पण एकच मूत्रपिंड उरल्यामुळे दाहशामक गोळ्यांबाबत सावधगिरी त्यालाही लागू आहे, आणि खोल श्वास घेऊन लवकर चालू-फिरू लागणे त्यालाही हवे असते. म्हणून कण्यातील मॉर्फीन त्यालाही देण्यात येते. पोटाच्या भिंतीतील मज्जातंतूंभोवती ध्वनिलहरींच्या यंत्राने पाहून बधिर करणारे औषध सोडण्याची नवी रीत दोघांसाठीही उपयोगात आली आहे. कण्यात सुई घालणे ज्यांना धोक्याचे, त्यांना तिचा विशेष आधार वाटतो.

औषध हाताशी असेल तरच हे सर्व शक्य होते. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफूची लागवड होते आणि गाझीपूर व नीमच येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया केली जाते. असे असूनही १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानंतर अनेक परवाने मिळविण्याच्या कटकटीमुळे भारतातील रुग्णालयांत मॉर्फीन ठेवणेच कमी झाले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय उपयोगासाठी परवान्याची पद्धत सोपी करण्यात आली. कुलूपबंद कपाट, नोंदवही आणि प्रत्येक कुपीचा हिशेब या गोष्टी मात्र राहिल्या, आणि त्या राहणे योग्यच आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कण्यातील औषधाचा अंमल उतरतो. तोपर्यंत रुग्ण बहुधा खाटेवर उठून बसलेला असतो आणि त्याला पाणी, चहा, पातळ अन्न चालू झालेले असते. पुढचे दुखणे पॅरासिटामॉलवर व लागल्यास फेंटॅनिलच्या थोड्या मात्रेवर भागते. नवे मूत्रपिंड पहिल्याच दिवसापासून चालू लागले, तर औषधांचे बंधन काहीसे सैल होते. ते उशिरा जागे होणार असेल, रुग्णाला आणखी काही दिवस डायालिसिस लागणार असेल, तर शिरेतील मॉर्फीन व पेथिडीन टाळण्याचा नियम तसाच चालू राहतो. दाहशामक गोळ्यांची मनाई मात्र रुग्णालयात संपत नाही. रोपित मूत्रपिंड जोवर चालते तोवर, घरी गेल्यावरही ती लागू असते. गुडघा दुखला, दाढ दुखली म्हणून दुकानातून आणलेली गोळी खरेदी करताना तिच्यात कोणते औषध आहे हे विचारून घ्यावे, असे रुग्णाला घरी पाठविताना सांगितले जाते आणि औषधांच्या यादीच्या शेवटी लिहूनही दिले जाते.